नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. अर्वाचीन मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत केशवसुतांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. निसर्ग, बालक आणि कुटुंब यांवरील कवितांमुळे ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि भजन यांची जोड देणाऱ्यांत ते अग्रगण्य होत. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुसंघ सुरू केला. ख्रिस्ताचे शिष्य होणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा त्यांनी मराठी संतपरंपरेच्या आधारे घेतलेला शोध हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. प्रसिद्ध लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते; आई जानकीबाई सोशिक आणि भक्तिभावाच्या होत्या. आईच्या ओव्या आणि स्तोत्रे यांचा नारायणावर लहानपणीच संस्कार झाला. तो अजून लहान असतानाच आईचे निधन झाले आणि घराशी असलेला त्याचा धागा सैल झाला. पुढे तो नाशिकला आला. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत काही काळ काढला. पण भावंडांच्या निर्वाहाची जबाबदारी अंगावर आल्याने औपचारिक शिक्षण अर्धवट राहिले.

नाशिकच्या वास्तव्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. संस्कृत काव्य आणि वेदान्त यांचा पाया पक्का झाला, आणि गुरूच्या घरी राहून विद्या मिळवणे म्हणजे काय असते याचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. विद्यार्थी गुरूचे पाठ घेतो, त्याबरोबर त्याचे बोलणे, वागणे आणि राहणेही घेतो. शिष्यत्वाविषयीच्या त्यांच्या पुढील विचारांशी हा अनुभव जुळणारा आहे.

विवाह आणि भटकंतीची वर्षे

१८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील मनकर्णिका गोखले यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. वधू त्या वेळी अकरा-बारा वर्षांची होती. गोखल्यांच्या घरी सोवळ्याओवळ्याचे नियम अतिशय कडक होते.

टिळक एका गावी, एका कामात फार काळ टिकत नसत. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, छापखान्यातील कामगार अशी अनेक कामे त्यांनी केली. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा आणि घरी रिकाम्या हाताने परतावे, असा प्रकार वारंवार घडे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. शीघ्रकवी आणि वक्ता म्हणून मात्र त्यांची कीर्ती पसरत होती.

१८९१ च्या सुमारास नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे आणि भाषांतराचे काम केले. याच काळात त्यांनी 'ऋषी' हे मासिक चालवले. समाजातील जातिभेद आणि कर्मकांड देशाच्या उन्नतीच्या आड येतात, असे त्यांचे मत बनत गेले. धर्म सोडून राष्ट्र उभे राहणार नाही आणि धर्म आहे तसा ठेवूनही राहणार नाही, अशा पेचात ते होते. स्वतःच एखादा नवा धर्म मांडावा, येथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

ख्रिस्ती धर्माशी परिचय

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. दोघांचे काव्य आणि धर्म यांवर बोलणे झाले. वॉर्ड यांनी टिळकांना बायबलची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. तरीही दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी ग्रंथ वाचण्यास घेतला.

पहिल्या भागांनी त्यांचे समाधान झाले नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र ते थांबले. शत्रूवरही प्रेम करावे, दान गुप्तपणे करावे, उद्याची चिंता वाहू नये, ऐकलेले वचन आचरणात आणावे, असा या प्रवचनाचा आशय आहे. ते प्रवचन एका गुरूने जवळ बसलेल्या शिष्यांना केलेला उपदेश आहे. सिद्धान्ताच्या वादातून ख्रिस्ताकडे न येता टिळक अशा रीतीने एका गुरूच्या वाणीतून त्याच्याकडे आले. पुढील दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनन यांत गेली. कुटुंबाचे काय होईल, हा प्रश्न त्यांना सतत छळत होता.

दीक्षा आणि त्याची किंमत

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला आधी कळवण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. बातमी जलालपूरला पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले.

त्या काळात उच्चवर्णीय हिंदूने बाप्तिस्मा घेणे म्हणजे आप्तांच्या दृष्टीने मरणे होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. परंतु पंक्तीतले पान, घरातले पाणी आणि नात्यातले बोलणे कोणताही कायदा राखू शकत नव्हता. महाराष्ट्रात बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे आणि पंडिता रमाबाई यांनी ही किंमत टिळकांच्या आधी मोजली होती. टिळकांच्या बाबतीत तिचा मोठा वाटा त्यांच्या पत्नीला द्यावा लागला. चार वर्षांचा मुलगा दत्तू पदरी घेऊन त्या माहेरच्या आणि नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. यातील काही काळ त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे काढला.

नव्या करारात शिष्याने आई, बाप, पत्नी, मुले यांच्यापेक्षा गुरूला अधिक मानावे, आणि बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, अशी शिकवण आहे. टिळकांनी स्वतःपुरता हा हिशेब केला होता. पत्नीच्या वतीने तो करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न शिल्लक होता. धर्मांतरानंतरच्या त्यांच्या वर्तनातून त्याचे उत्तर दिसते. ते पत्नीला पत्रे आणि कविता पाठवत राहिले. पण धर्म बदलण्याची सक्ती त्यांनी केली नाही. दुसरे लग्न करण्याचा विचार त्यांनी मनात आणला नाही.

लक्ष्मीबाईंचा स्वतंत्र प्रवास

सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पतीकडे राहण्यास आल्या. आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला की देवाने, या प्रश्नावर त्यांनी स्वतःच विचार केला. आणि तो माणसाचा आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी इतरांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला.

हा प्रवास पतीच्या मागोमाग झाला असे वरवर पाहता वाटते. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रातून मात्र वेगळे चित्र उभे राहते. टिळक एका ग्रंथाच्या वाचनातून पालटले. लक्ष्मीबाई चूल, पाणी आणि पंक्ती यांच्या रोजच्या व्यवहारातून पालटल्या. एकाच गुरूकडे दोघे दोन वाटांनी आले. शिष्यत्व वारशाने अथवा विवाहाने मिळत नाही, ज्याचे त्याने ते पत्करायचे असते, याचे हे कुटुंब ठळक उदाहरण ठरले.

अहमदनगर येथील कार्य

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. मुंबई, सातारा, सोलापूर, वडाळा, राहुरी येथेही या मिशनचे काम चालत असे. टिळक येथील ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवू लागले. मिशनचे ज्येष्ठ कार्यकर्ते डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा त्यांना जिव्हाळ्याचा सहवास लाभला. १९०४ मध्ये टिळकांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली आणि त्यांच्या नावामागे रेव्हरंड ही पदवी लागली. दुष्काळ आणि प्लेग यांच्या त्या वर्षांत टिळक दांपत्याच्या घरी अनाथ मुलांना आश्रय मिळे. घरच्या तुटपुंज्या मिळकतीत पानावर किती जण बसतील याचा अंदाज लक्ष्मीबाईंना नसे.

'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले होते. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. प्रचारकी आणि भाषांतरित मराठीची सवय झालेल्या या पत्राला त्यांनी घरगुती, रसाळ मराठी दिली. ख्रिस्ती झालेल्या माणसाने नाव, पोशाख, आहार आणि भाषा बदलण्याचे कारण नाही, हा आग्रह ते सातत्याने धरत. त्यांनी स्वतःचे नाव बदलले नाही आणि देशाभिमानही सोडला नाही. हिंदी ख्रिस्ती समाजाने परदेशी मिशनांच्या पैशावर आणि आज्ञेवर अवलंबून राहू नये, असे त्यांचे स्पष्ट मत होते. यामुळे मिशनरी सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद होत. स्नेह मात्र दोन्ही बाजूंनी टिकून राहिला.

काव्य

टिळकांच्या कवितेत 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू', 'माझी भार्या' आणि 'केवढे हे क्रौर्य!' या रचना विशेष प्रसिद्ध आहेत. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. 'वनवासी फूल' या कवितेत एकान्तात राहणे श्रेयस्कर की लोकांत मिसळून त्यांच्या उपयोगी पडणे, हा विषय संवादातून मांडला आहे. निवृत्ती आणि सेवा यांमधील हा ताण त्यांच्या पुढील आयुष्यातही दिसतो.

१९०७ मध्ये जळगाव येथे पहिले कविसंमेलन भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्याचे अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन मुलाने तेथे कविता म्हटली आणि तो बालकवी या नावाने प्रसिद्ध झाला. टिळकांनी त्याला पुढे आपल्या घरी आणून मुलासारखे सांभाळले. बालकवींनी ख्रिस्ती व्हावे, असा प्रयत्न मात्र झाला नाही. काव्यातल्या या शिष्याला टिळकांनी आपल्या साच्यात घातले नाही. बालकवींची कविता पूर्णतः बालकवींचीच राहिली.

ख्रिस्ती उपासनेसाठी टिळकांनी शेकडो पदे, अभंग आणि भजने रचली. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. 'अभंगांजली' हा त्यांच्या भक्तिपर अभंगांचा संग्रह आहे. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगर येथे रुजवलेल्या ख्रिस्ती कीर्तनपरंपरेला टिळकांनी आपल्या वाणीने आणि काव्याने बळ दिले. त्यापूर्वी मराठी मंडळ्यांतून इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बहुतांशी गायिली जात. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणता येतील अशी गीते मिळाल्याने निरक्षर खेडूतही ती तोंडपाठ करू लागले.

येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहिण्यास त्यांनी प्रारंभ केला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गोमंतकात रचलेल्या 'ख्रिस्तपुराणा'नंतर या प्रकारचा हा मोठा मराठी प्रयत्न होता. टिळकांच्या हयातीत आरंभीचे अध्यायच लिहून झाले. उर्वरित ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुढे नेला आणि पुत्र देवदत्त यांनी तो सिद्धीस नेला.

शिष्यत्वाची कल्पना

ख्रिस्ती धर्मग्रंथातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिकणारा असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी शिष्य हा शब्द योजला आहे. चार शुभवर्तमानांत शिष्य होणे म्हणजे जाळी टाकून अथवा जकातीची चौकी सोडून गुरूच्या मागे चालू लागणे होय. प्रत्येकाने आपापला वधस्तंभ उचलावा, अशी त्याची अट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची, त्यांना बाप्तिस्मा देण्याची आणि आज्ञा पाळण्यास शिकवण्याची कामगिरी अनुयायांवर सोपवली आहे. शिष्यत्व, बाप्तिस्मा आणि आचरण या तीन गोष्टींचे परस्परांशी नाते कसे लावावे, हा प्रश्न चर्चच्या इतिहासात वेळोवेळी उपस्थित झाला आहे.

मराठी श्रोत्याच्या कानी शिष्य हा शब्द रिकामा येत नाही. ज्ञानेश्वरांनी वडील बंधू निवृत्तिनाथांना गुरू मानले. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, अशी परंपरा आहे. बहिणाबाईंनी जातीची मर्यादा ओलांडून तुकारामांना गुरू केले. सांगोल्याच्या लगतच्या मंगळवेढ्याशी निगडित असलेले चोखामेळा नामदेवांचे शिष्य मानले जातात. त्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. मंदिराचा उंबरठा ज्याला बंद, तोही पूर्ण अर्थाने शिष्य असू शकतो, ही जाणीव पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या परिसरातील वारकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. या परंपरेत शिष्याची ओळख नोंदवहीने होत नाही. गुरूवरील निष्ठा, नामस्मरण आणि आचरण यांनी होते.

टिळक याच परंपरेत वाढले होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. हिंदुस्थानातील संतवाङ्मय हा या देशापुरता जुना करारच आहे, असे ते मानत. ख्रिस्त हा गोऱ्या लोकांचा देव म्हणून हिंदी माणसापुढे उभा केला गेला, त्यामुळे तो परका राहिला; तो पूर्वेकडचा होता आणि येथल्या माणसाला तो सद्गुरू म्हणून सहज कळेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली, सखा आणि गुरू या रूपांत येतो.

या विचारातून एक अवघड प्रश्न पुढे आला. त्या काळी बाप्तिस्मा हे शिष्यत्वाचे चिन्ह होते, तसाच तो एका समाजातून दुसऱ्या समाजात जाण्याचा दाखलाही झाला होता. ख्रिस्तावर प्रेम करणारे पण आईवडिलांना आणि जातीला मुकण्यास तयार नसलेले अनेक सुशिक्षित तरुण टिळकांना भेटत. दुसरीकडे बाप्तिस्मा झालेले पण गुरूच्या आज्ञेचा गंध नसलेले लोकही मंडळीत होते. यांपैकी शिष्य कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोर रोज वावरत होता. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्यापूर्वी त्यांच्या घरात राहिल्या तो काळ त्यांच्या अनुभवाला होता. दीक्षेआधीचा हा टप्पा किती खरा आणि किती नाजूक असतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ख्रिस्ती संन्यास पत्करला. त्यांचे वय त्या वेळी पंचावन्न होते आणि प्रकृती उतरणीला लागली होती. या संन्यासाचा अर्थ कुटुंबाचा त्याग असा नव्हता. ठरावीक पगार, हुद्दा आणि संस्थेचे संरक्षण यांचा तो त्याग होता. लक्ष्मीबाईंना या निर्णयाने पुन्हा एकदा अनिश्चित संसाराला तोंड द्यावे लागले.

सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. जो ख्रिस्ताला गुरू मानतो आणि त्याच्या शिकवणीप्रमाणे जगण्याचा प्रयत्न करतो, त्याला येथे स्थान होते. भजन, कीर्तन, एकत्र प्रार्थना आणि सेवा हे दरबाराचे स्वरूप होते. परदेशी द्रव्यावर तो चालू नये, अशी त्यांची इच्छा होती. नावात दरबार हा शब्द असला तरी त्यात मानाच्या पायऱ्या नव्हत्या. राजा एकच आणि बाकीचे सारे सेवक, ही त्यामागची कल्पना होती.

या प्रयोगावर दोन्ही बाजूंनी आक्षेप आले. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व मान्य केल्यास संस्काराचे महत्त्व कमी होईल आणि ज्यांनी त्यासाठी सर्वस्व गमावले त्यांच्यावर अन्याय होईल, असे अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांना वाटे. आक्षेप घेणाऱ्यांत घरदार गमावलेले हिंदी ख्रिस्तीही होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हिंदू समाजातील काहींना ही धर्मांतराची नवी युक्ती वाटली. टिळकांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याबद्दल त्यांनी कधी खेद केला नाही. त्यांची भूमिका अशी सांगता येईल, की बाप्तिस्मा हा शिष्याच्या वाटेवरील टप्पा आहे. ती वाट कोणी चालावी हे ठरवण्याचे ते फाटक नव्हे. हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही.

निधन

दरबाराला दोन वर्षेही पुरी होण्यापूर्वी टिळकांचे दुखणे बळावले. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगर येथे नेण्यात आल्या. ख्रिस्ती मनुष्याने मरणातही आपल्या देशाच्या रीतीपासून तुटू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह या शेवटच्या कृतीतही दिसून आला.

वारसा

संस्थापकामागे देवाचा दरबार संस्था म्हणून फार काळ टिकला नाही. त्याचे नियम, निधी आणि उत्तराधिकारी यांची घडी बसण्यास वेळच मिळाला नव्हता. त्यामागील कल्पना मात्र पुढे गेली. इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी भारतीय पद्धतीने एकत्र राहावे, असा त्याचा हेतू होता. विन्स्लो यांनी पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, त्यामुळे टिळकांचे विचार महाराष्ट्राबाहेर पोहोचले. विसाव्या शतकातील भारतीय ख्रिस्ती आश्रम चळवळीच्या पूर्वसूरींत टिळकांची गणना होते. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला अनुसरणाऱ्यांचा प्रश्न भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनात आजही चर्चिला जातो.

लक्ष्मीबाईंनी पतीच्या पश्चात लेखन चालू ठेवले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत त्याला अग्रस्थान मिळाले. टिळकांचा संताप, विसराळूपणा, उधळा दानशूरपणा आणि निरागसता ही सारी त्यात आडपडदा न ठेवता आली आहेत. पूज्य व्यक्तीचे चरित्र लिहिताना तिचे दोष झाकण्याची प्रथा असलेल्या काळात एका पत्नीने विनोद आणि ममता यांच्या आधारे हे लिहिले. त्यामुळे टिळकांचा पुतळा न होता ते माणूस म्हणून वाचकांच्या स्मरणात राहिले. लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले. या आत्मचरित्रावर विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी चित्रपट केला. त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली.

मराठी मंडळ्यांतील रविवारच्या उपासनेत टिळकांची पदे आजही गायिली जातात आणि मराठी शाळांतून शिकलेल्या अनेकांना त्यांच्या कविता आठवतात. गाणाऱ्या आणि पाठ करणाऱ्या या दोन समाजांना दोन्ही रचना एकाच कवीच्या आहेत हे पुष्कळदा ठाऊक नसते. ज्या दोन घरांना जोडण्यासाठी टिळकांनी आयुष्य वेचले, त्या दोन्ही घरांत त्यांचे शब्द अशा रीतीने वेगवेगळे नांदत आहेत.